सायबर सुरक्षेच्या इन्फ्रा टीममध्ये रुजू होताना: ऐरोली–महापे पट्ट्यातल्या नव्या मंडळींसाठी

ऑफर लेटरवर ‘सायबर सिक्युरिटी इन्फ्रास्ट्रक्चर इंजिनिअर’ असं छापून आलं की घरच्यांचा समज होतो, आता पोरगं किंवा पोरगी हॅकर पकडणार. पकडापकडीचं काम करणारी, म्हणजे चोवीस तास अलर्ट बघत बसणारी टीम वेगळी असते. तिला सॉक म्हणतात. आपण तिच्या खालच्या मजल्यावर असतो. फायरवॉल (डेटाची वाहतूक गाळणारं यंत्र), व्हीपीएन (बाहेरून आत यायचा सुरक्षित रस्ता), प्रॉक्सी (इंटरनेटकडे जाताना मधला तपासनीस), वॅफ (वेबसाइटसमोरची फायरवॉल), ईडीआरचा (प्रत्येक मशीनवरच्या पहारेकरी सॉफ्टवेअरचा) सर्व्हर, लॉग म्हणजे यंत्रांच्या नोंदी गोळा करणारी यंत्रणा (सीम) हे सगळं उभं करायचं, चालू ठेवायचं, आणि कुणी काही मागितलं की ते नीट तपासून द्यायचं. दिवसभरात हल्लेखोर क्वचितच भेटतो. ‘आमचं अ‍ॅप्लिकेशन चालत नाही, तुमची फायरवॉल बघा’ म्हणणारे मात्र सकाळपासून भेटतात.

ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून ठाणे–बेलापूर रोडने ऐरोली, रबाळे, घणसोली, महापेपर्यंत अशा नोकऱ्या भरपूर आहेत, कारण एमआयडीसीच्या जुन्या कारखान्यांच्या शेजारीच आता डेटा सेंटर आणि आयटी पार्क उभे आहेत. याच पट्ट्यात नवीन येणाऱ्यांसाठी हे लिहितेय. तंत्रज्ञान क्लासमध्ये किंवा यूट्यूबवर शिकता येतं. अडखळायला होतं ते कामाच्या पद्धतीत, आणि ती कुणी बसून शिकवत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्या हातात अशी यंत्रं असतात ज्यातून कंपनीची अख्खी वाहतूक जाते. त्यामुळे आपली एक चुकीची ओळ कंपनीला जेवढी बंद पाडू शकते, तेवढी बंद पाडायला हल्लेखोराला महिनाभर खपावं लागेल. म्हणून काहीही बदलण्याआधी ते पूर्ववत कसं करायचं हे लिहून ठेवा.

१. रुजू होण्याआधी: कागदपत्रं

सुरक्षेच्या जागेसाठी पार्श्वभूमी तपासणी जरा कडक असते. बँक किंवा विमा कंपनीच्या प्रोजेक्टवर जाणार असाल तर आणखी कडक. एका फोल्डरमध्ये हे आधीच स्कॅन करून ठेवा:

– आधार, पॅन, असल्यास पासपोर्ट
– दहावीपासून पदवीपर्यंतच्या सगळ्या गुणपत्रिका (फक्त शेवटच्या वर्षाची चालत नाही) आणि पदवी प्रमाणपत्र
– आधीच्या प्रत्येक कंपनीचं रिलीव्हिंग आणि अनुभवाचं पत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६
– यूएएन क्रमांक आणि पीएफचं पासबुक
– रद्द केलेला चेक, फोटो
– भाड्याने राहत असाल तर रजिस्टर केलेला लिव्ह अँड लायसन्स करार
– मागितलं तर पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते नावात. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव. पॅनवर वेगळा क्रम, आधारवर वडिलांचं नावच नाही, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींच्या पीएफ खात्यावर तिसरंच काहीतरी. तपासणी करणारी एजन्सी बहुधा परराज्यातली असते, तिला ही आपली पद्धत ठाऊक नसते आणि ‘नाव जुळत नाही’ असा शेरा मारून मोकळी होते. आधार, पॅन आणि यूएएन यांच्यावरचं नाव नोटीस पीरियडमध्येच एकसारखं करून घ्या. बाकी कागदांसाठी एचआर जे प्रतिज्ञापत्र मागेल ते द्या.

चारित्र्य प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो, पण तो तुम्ही राहता त्या हद्दीच्या आयुक्तालयाकडे जातो. कळवा आणि वागळे इस्टेट ठाणे शहर पोलिसांकडे, ऐरोली आणि रबाळे नवी मुंबई पोलिसांकडे. मधे फक्त एक दिघा आहे, तरी चुकीच्या आयुक्तालयाकडे केलेला अर्ज परतच येतो.

आणि ते ‘दोन वर्षांचा अनुभव दाखवून देतो’ म्हणणारे कन्सल्टन्सीवाले. त्यांच्या वाटेला जाऊ नका. पीएफच्या नोंदीत ती कंपनी दिसत नाही, आणि इथेच पकडलं जातं. ऑफर रद्द होते ती वेगळीच. सुरक्षेच्या क्षेत्रात खोट्या कागदावर पकडल्या गेलेल्या माणसाला दुसरीकडे उभं करून घेणंही अवघड जातं.

पत्ताही नीट वाचा. ऐरोलीत माइंडस्पेसचे ईस्ट आणि वेस्ट असे दोन कॅम्पस आहेत. महापेच्या मिलेनियम बिझनेस पार्कला दारात स्टेशन नाही. कोपरखैरणे किंवा घणसोलीला उतरून रिक्षा करावी लागते. पहिल्या दिवशी गेटवर सरकारी ओळखपत्राची मूळ प्रत मागतात, मोबाइलमधला फोटो दाखवून चालत नाही.

२. पहिला आठवडा: अ‍ॅक्सेस मागा, पण जेवढा हवा तेवढाच

लॅपटॉप मिळतो, व्हीपीएन मिळतं, आणि मग दहा वेगवेगळी टिकिटं (मागणीच्या ऑनलाइन नोंदी) टाकावी लागतात. सुरुवातीला फायरवॉल, सीम, ईडीआर, सगळ्यांवर फक्त बघण्याचा अ‍ॅक्सेस मागा. सगळं बघता येतं आणि काही मोडता येत नाही, ही अवस्था शिकायला फार सोयीची असते, ती घाईने संपवू नका.

अ‍ॅडमिन अ‍ॅक्सेस बहुतेक ठिकाणी पॅममधून, म्हणजे अ‍ॅडमिनचे पासवर्ड सांभाळणाऱ्या यंत्रणेतून, मिळतो. त्यात पासवर्ड तुम्हाला दिसत नाही, सेशन रेकॉर्ड होतं. टीममधला कुणी जुना सहकारी प्रेमाने म्हणेल, ‘पॅम फार स्लो आहे, हा घे लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड.’ घेऊ नका. उद्या काही बिघडलं तर लॉगमध्ये ‘अ‍ॅडमिन’ एवढंच दिसेल आणि तुम्ही ते केलं नाही हे सिद्ध करायला तुमच्याकडे काहीच नसेल.

नव्यांचे आणखी तीन सापळे इथेच आहेत.

पहिला, स्कॅन. उत्साहाच्या भरात ऑफिसच्या नेटवर्कवर एनमॅप (नेटवर्कवरची यंत्रं आणि त्यांचे उघडे पोर्ट, म्हणजे सेवांची दारं, शोधणारं साधन) चालवून बघायचा मोह होतो. लेखी परवानगीशिवाय असं काही करू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ मध्ये परवानगीशिवाय संगणक यंत्रणेत शिरणं हा भाग येतो, आणि ‘मी तर कर्मचारीच आहे’ हे उत्तर पुरत नाही. शिवाय काही जुने प्रिंटर आणि बायोमेट्रिकची यंत्रं साध्या पोर्ट स्कॅननेही लटकतात.

दुसरा, व्हॉट्सअ‍ॅप. फायरवॉलचं कॉन्फिगरेशन, नेटवर्कचा डायग्राम, आयपीची यादी यातलं काहीही टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं नाही, ग्रुपवर सगळे टाकत असले तरी. तीच गोष्ट एआय चॅटबॉटची. एरर शोधायला आख्खं कॉन्फिगरेशन तिथे चिकटवू नका.

तिसरा सापळा म्हणजे स्वतःचा लॅपटॉप. ‘माझ्या मशीनवर ईडीआर नको, काम अडतं’ असा अपवाद आपल्याच टीमचे लोक स्वतःसाठी घेऊन ठेवतात. ऑडिटर सगळ्यात आधी तोच शोधतो.

३. नकाशा स्वतः काढा

टीमकडे डायग्राम असतो. तो जुना असतो. हे सगळीकडे खरं आहे, त्यामुळे कुणाला दोष देत बसू नका. कोरा कागद घ्या आणि स्वतः काढायला लागा.

बाहेरून सुरुवात करा. इंटरनेटच्या लिंक कुणाच्या आणि किती? त्या कोणत्या फायरवॉलवर उतरतात? ती जोडीने आहे का, आणि असल्यास आत्ता चालू कोणती? डीएमझेडमध्ये (इंटरनेटवरून दिसणाऱ्या सर्व्हरच्या वेगळ्या भागात) काय ठेवलंय? तिथून आत कुठे कुठे जाता येतं? वापरकर्ते, सर्व्हर, डेटाबेस हे वेगवेगळ्या झोनमध्ये आहेत की सगळे एकाच सपाट, म्हणजे मधे भिंती नसलेल्या, नेटवर्कमध्ये? बॅकअप कुठे जातो? डीआर (मुख्य सेंटर पडलं तर वापरायची पर्यायी जागा) कुठे आहे? मुंबईतली डेटा सेंटर आणि डीआर एकाच खाडीच्या दोन काठांवर असेल तर तो डीआर कितपत कामाचा, हा प्रश्न मनात ठेवा. पहिल्याच आठवड्यात मीटिंगमध्ये विचारू मात्र नका.

सपाट नेटवर्क का वाईट, याचं उदाहरण आपल्या अंगणातलंच आहे. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्राम पसरला तेव्हा उरणजवळच्या जेएनपीटी (न्हावाशेवा) बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं कंटेनर टर्मिनल ठप्प झालं होतं. सुरुवात झाली होती युक्रेनमध्ये, तिथल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. न्हावाशेव्याच्या क्रेनचा युक्रेनच्या हिशेबाशी काय संबंध? नेटवर्क एक होतं, एवढाच. याच प्रकरणात मर्स्कचे जगभरातले डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारे सर्व्हर) पुसले गेले आणि घानामधला एकच वाचला, कारण तिथे त्या वेळी वीज गेल्यामुळे तो बंद पडलेला होता. बॅकअप ऑनलाइन असून चालत नाही, एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली हवी, हे समजावून सांगायला मला याहून चांगला दाखला मिळालेला नाही.

नकाशाबरोबर एक तक्ता बनवा: यंत्राचं नाव, मॅनेजमेंट आयपी, सीरियल नंबर, ओएसची आवृत्ती, सपोर्ट करार कधी संपतो, मालक कोण. सीरियल नंबर क्षुल्लक वाटतो. रात्री दोनला व्हेंडरच्या टॅकला, म्हणजे तांत्रिक मदत केंद्राला, फोन लावल्यावर ते पहिलं तेच विचारतात, आणि करार संपलेला असेल तर तिथेच संभाषण संपतं.

४. रूल रिक्वेस्ट: रोजचं जेवण

फायरवॉलमधून कोणती वाहतूक जाऊ द्यायची हे सांगणारी ओळ म्हणजे रूल. सुरुवातीच्या काळात निम्मं काम मागणीप्रमाणे रूल टाकण्याचंच असतं, म्हणून यावर जरा जास्त बोलते.

टिकीट येतं: ‘पोर्ट ओपन करून द्या, अर्जंट.’ एवढ्यावर काहीही करायचं नाही. पुढच्या गोष्टी लेखी मागून घ्या:

– सोर्स: नेमका कोणता आयपी (यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता) किंवा सबनेट (अशा पत्त्यांचा गट)
– डेस्टिनेशन: नेमका कोणता
– पोर्ट आणि प्रोटोकॉल: टीसीपी की यूडीपी, कोणता क्रमांक
– कनेक्शन कोण सुरू करणार: यावर सगळ्यात जास्त घोळ होतो. सर्व्हर ‘अ’ डेटाबेस ‘ब’ला हाक मारतो, तर रूल अ ते ब एवढाच लागतो. उत्तराची वाहतूक स्टेटफुल (सुरू झालेलं कनेक्शन लक्षात ठेवणारी) फायरवॉल आपोआप सोडते. लोक घाबरून दोन्ही दिशा मागतात.
– कशासाठी, आणि कधीपर्यंत
– मंजुरी कुणाची: मागणाऱ्याच्या वरच्याची, मागणाऱ्याची नव्हे

‘एनी’, म्हणजे ‘कोणताही’, हा शब्द दिसला की थांबा. सोर्स एनी, डेस्टिनेशन एनी, सर्व्हिस एनी असा रूल बऱ्याच जुन्या फायरवॉलवर कुठेतरी सापडतो. वर कॉमेंटमध्ये ‘टेम्प’ लिहिलेलं असतं आणि तारीख बरीच जुनी असते. तात्पुरत्या रूलला संपण्याची तारीख फायरवॉलमध्येच घालता येते, ती घाला. कॅलेंडरमधल्या आठवणीवर विसंबू नका.

३३८९ म्हणजे रिमोट डेस्कटॉप, ४४५ म्हणजे फाइल शेअरिंग, २२ म्हणजे एसएसएच. हे इंटरनेटकडून थेट आत मागितले तर उत्तर ‘नाही’. मागणारा कितीही वरचा असला तरी तुम्ही स्वतः वाद घालू नका, टिकिटावर धोका लिहा आणि लीडकडे सरकवा. नव्या माणसाने नकार तोंडी द्यायचा नसतो.

रूल टाकण्याआधी फायरवॉलमध्ये तपासा की ही वाहतूक आधीच कुठल्या रूलमधून जातेय का. रूल वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळणारा लागू होतो. वर एखादा मोठा रूल बसला असेल तर खाली टाकलेल्या तुमच्या रूलवर हिट काउंट (तो किती वेळा लागू झाला तो आकडा) शून्यच राहील. आणि वर ‘डिनाय’, म्हणजे अडवणारा रूल, असेल तर तुम्ही दिवसभर डोकं आपटाल.

आता ‘रूल टाकला तरी चालत नाही’ हा प्रकार. इथे शांतपणे पुरावा गोळा करायचा:

पिंगवर (यंत्र जागं आहे का हे विचारणाऱ्या साध्या चाचणीवर) जाऊ नका. पिंग चालतं आणि ॲप चालत नाही, किंवा नेमकं उलट, हे दोन्ही नेहमीचं आहे. मागणाऱ्याला त्याच मशीनवरून त्याच पोर्टवर टेल्नेट किंवा पॉवरशेलमधलं टेस्ट-नेटकनेक्शन चालवायला सांगा, आणि त्याच क्षणी तुम्ही लॉग बघा.

लॉगमध्ये काहीच दिसत नसेल तर पॅकेट तुमच्यापर्यंत पोचतच नाही. राउटिंग किंवा मधली दुसरी फायरवॉल बघा. डिनाय दिसत असेल तर काम तुमचं. अलाउ दिसतंय पण सेशन ‘एज्ड-आउट’ होऊन, म्हणजे वाट बघून मुदत उलटून, संपतंय आणि परतीचे बाइट शून्य आहेत, तर पॅकेट गेलं आणि उत्तर आलं नाही: सर्व्हर बंद, सर्व्हरवरची स्वतःची फायरवॉल, किंवा उत्तर दुसऱ्याच रस्त्याने परत जातंय. रिसेट (कनेक्शन नाकारणारं उत्तर) येत असेल तर बहुतेक वेळा समोरचा सर्व्हर जिवंत आहे, त्यावरची सर्व्हिस चालू नाही. हा लॉगचा तुकडा टिकिटाला जोडा. ‘आमच्याकडून ओके आहे’ एवढंच लिहून टिकीट परत ढकलणाऱ्या माणसाशी पुढे कुणी नीट बोलत नाही. पुरावा जोडून पाठवणाऱ्याला ॲप्लिकेशन टीमवाले सहा महिन्यांत थेट फोन करायला लागतात, आणि ते फार उपयोगाचं असतं.

५. चेंज: शनिवारची रात्र

मोठे बदल, म्हणजे फायरवॉलचं अपग्रेड, लिंक बदलणं, नवा प्रॉक्सी, हे चेंज विंडोमध्ये, म्हणजे बदलांसाठी ठरवून दिलेल्या वेळेत, होतात. बहुतेक शनिवारी रात्री. बँकिंगच्या प्रोजेक्टवर मार्चअखेरीला फ्रीझ (बदलांना बंदी) असतो, दिवाळीत शेअर बाजाराशी संबंधित यंत्रणांना हात लावू देत नाहीत. त्यामुळे फेब्रुवारीत सगळ्यांचे चेंज एकदम येतात आणि मंजुरीच्या मीटिंगमध्ये गर्दी होते. तुमचं काम जानेवारीतच पुढे रेटा.

चेंजच्या कागदात काय असावं: काय बदलणार, प्रत्येक पायरीची कमांड, प्रत्येक पायरीला किती मिनिटं, बदल झाल्यावर कोण काय तपासणार (नाव आणि फोन), रोलबॅकच्या (पूर्ववत करण्याच्या) पायऱ्या, आणि ‘या वेळेपर्यंत जमलं नाही तर मागे फिरायचं’ ती वेळ. शेवटची गोष्ट लोक लिहीतच नाहीत. मग पहाटे चारला ‘अजून पाच मिनिटं’ करत सोमवारची सकाळ उजाडते. रोलबॅकला एक तास लागत असेल आणि विंडो पाचला संपत असेल, तर निर्णयाची वेळ चार. ती तेव्हाच्या झोपाळलेल्या डोक्याने ठरवायची नसते.

सुरू करण्याआधी कॉन्फिगरेशनचा बॅकअप घ्या आणि तो यंत्राच्या बाहेर ठेवा. लांबून काम करत असाल तर स्वतःचा रस्ता कापला जाणार नाही याची सोय करा. ज्युनिपरवर ‘कमिट कन्फर्म्ड’ दिलं की ठरलेल्या मिनिटांत तुम्ही पुन्हा होकार दिला नाही तर ते आपोआप जुन्यावर जातं. सिस्कोच्या राउटरवर लोक ‘रिलोड इन १०’ लावून ठेवतात, म्हणजे दहा मिनिटांनी तो रीस्टार्ट होऊन सेव्ह केलेल्या जुन्या कॉन्फिगरेशनवर येतो. दोन्ही वेळा काम नीट झाल्यावर तो टायमर रद्द करायला किंवा होकार द्यायला विसरू नका, नाहीतर चालू झालेलं दहा मिनिटांनी स्वतःच बंद होईल. जोडीतली फायरवॉल अपग्रेड करताना आधी निवांत बसलेली, म्हणजे पॅसिव्ह, अपग्रेड करा, वाहतूक तिच्यावर न्या, तपासा, मग दुसरी.

आणि सगळीकडे एकदम काहीही ढकलू नका. शुक्रवार, १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन पाडल्या. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले ते त्याच दिवशी. तो हल्ला नव्हता, सुरक्षेचंच सॉफ्टवेअर होतं. दुरुस्तीसाठी मशीन सेफ मोडमध्ये सुरू करून फाइल काढायची होती, आणि ज्यांच्या डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या एन्क्रिप्शनने, कुलूपबंद होत्या त्यांना रिकव्हरी की हवी होती. आपल्या टीमकडे त्या की कुठे आहेत आणि त्या ठेवलेला सर्व्हरच पडला तर कुठून मिळतील, हे आज विचारून घ्या.

एक स्थानिक सूचना: रात्रभर चेंज करून रविवारी घरी निघताना मेगाब्लॉक तपासा. ट्रान्स-हार्बरवर असला तर ठाणे गाठायला बस किंवा रिक्षा.

६. डेटा सेंटरची फेरी

रबाळे, महापे, ऐरोली, पनवेल, कुठेही जा, पद्धत साधारण सारखी. आदल्या दिवशी प्रवेशाचं टिकीट, त्यात तुमचं नाव ओळखपत्रावर आहे अगदी तसंच, लॅपटॉपचा सीरियल नंबर, कोणत्या रॅकवर काम, किती वाजेपर्यंत. सामान न्यायचं तर गेटपास. परत आणायचं सामान आरजीपीवर, तिथेच ठेवायचं एनआरजीपीवर. हे उलटं झालं की बिघडलेली फायरवॉल बाहेर काढताना गेटवरचे सिक्युरिटीचे दादा अडवतात, आणि त्यांचं बरोबर असतं. त्यांच्याशी हुज्जत घालू नका. तुमच्या कोऑर्डिनेटरला मेल करायला लावा.

बॅगेत हे हवं: कन्सोल केबल (लॅपटॉप यंत्राला थेट जोडायची) आणि यूएसबी अ‍ॅडॉप्टर (ड्रायव्हर आधीच टाकलेला, कारण आत इंटरनेट मिळेलच असं नाही), टर्मिनल सॉफ्टवेअर, स्क्रूड्रायव्हर, केज नट, वेल्क्रो, लेबलचा रोल आणि मार्कर, जास्तीचे एसएफपी (फायबर केबल जोडायचे छोटे मॉड्यूल) आणि पॅच कॉर्ड, फर्मवेअर असलेला आणि परवानगी घेतलेला पेनड्राइव्ह, जाकीट. बाहेर एप्रिलचा घाम असतो आणि आत कोल्ड आयलमध्ये (रॅकमधल्या गार हवेच्या गल्लीत) तास काढायचा असतो. कन्सोलवर अक्षरांऐवजी कचरा दिसला तर वेग तपासा, बहुतेक यंत्रांना ९६०० लागतो.

एसएफपी घेताना सिंगल मोड की मल्टिमोड (फायबरचे दोन प्रकार) हे दोन्ही टोकांचं विचारून घ्या. यावरून फेऱ्या वाया जातात. वीज जोडताना एक केबल ए फीडला, दुसरी बी फीडला, म्हणजे दोन वेगळ्या वीजपुरवठ्यांना. दोन्ही एकाच पीडीयूत (रॅकच्या वीजपट्टीत) लावलेली यंत्रं तुम्हाला भरपूर दिसतील. केबल काढण्याआधी लेबल वाचा, आणि लेबलवरही विश्वास न ठेवता पोर्टचा दिवा आणि कन्सोल बघून खात्री करा.

विजेबद्दल आणखी. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली तेव्हा डेटा सेंटरना जनरेटर होते. घरून काम करणाऱ्यांच्या घरातले राउटर मात्र बंद होते. ऑफिसच्या मजल्यावरच्या छोट्या नेटवर्क खोलीचा यूपीएस किती वेळ टिकतो, हेही माहीत असू द्या. पावसाळ्यात उपयोगी पडतं.

७. पॅच आणि सर्टिफिकेट

मायक्रोसॉफ्टचे पॅच (दोष बुजवणारे अपडेट) महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात. बुधवारी सकाळी यादी वाचून चाचणीच्या गटावर टाका, मग टप्प्याटप्प्याने पुढे. ‘वॉनाक्राय’ हा फाइली ओलीस धरणारा प्रोग्राम मे २०१७ मध्ये पसरला आणि त्याचा पॅच मार्चमध्येच आलेला होता, एवढं सांगितलं की पॅचला नाही म्हणणारे थोडे मऊ होतात. फायरवॉल आणि व्हीपीएनचे पॅच सर्व्हरपेक्षा तातडीचे समजा, ते थेट इंटरनेटकडे तोंड करून बसलेले असतात.

सर्टिफिकेटची, म्हणजे वेबसाइट आणि सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्रांची, यादी वेगळी ठेवा. पूर्वी वर्षातून एकदा बदललं की झालं असायचं. सार्वजनिक टीएलएस सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ मध्ये त्याच तारखेपासून १०० आणि २०२९ पासून ४७ दिवस अशी ठरलेली आहे. हाताने बदलत बसणं यापुढे जमणार नाही. कुणाला ऑटोमेशनची आवड असेल तर टीममध्ये नाव काढायची ही चांगली जागा आहे.

८. घटना घडली तर, आणि तिच्या आधीचे लॉग

सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश एकदा स्वतः वाचा. आपल्या कामाशी थेट जोडलेले तीन मुद्दे: ठरलेल्या प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या, लॉग १८० दिवस जपून ठेवायचे, आणि यंत्रांची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची. बँकांना रिझर्व्ह बँकेला कळवायची मुदत आणखी तोकडी, दोन ते सहा तास. शेअर बाजाराशी संबंधित कंपन्यांना सेबीची २०२४ ची चौकट लागू आहे. कळवायचं काम तुमचं नसतं, पण कळवणाऱ्याला लागणारी वेळ आणि आयपी तुमच्याकडूनच जातात.

म्हणून घड्याळं. एक फायरवॉल भारतीय वेळेत, प्रॉक्सी यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत), आणि कुठला तरी जुना स्विच १९७० मध्ये अडकलेला. साडेपाच तासांच्या फरकाने लॉग लावले की कारण आणि परिणाम उलटे दिसतात. नवीन माणसाला कुणाची हरकत न येता करता येण्यासारखं पहिलं चांगलं काम हेच: सगळ्या यंत्रांचा एनटीपी (घड्याळ जुळवण्याची सोय) तपासून तक्ता करा. त्याबरोबर हेही बघा की लॉग सीमपर्यंत खरंच पोचतायत का. सिसलॉग (लॉग पाठवण्याची पद्धत) यूडीपी ५१४ वर, म्हणजे पोच न घेता, जात असेल तर हरवलेल्या लॉगची कुणालाही खबर लागत नाही.

रात्री ब्रिज कॉलवर (सगळ्या टीमच्या एकत्र फोनवर) बोलावलं तर आधी वही उघडा आणि प्रत्येक गोष्टीपुढे वेळ लिहा. बाधित मशीन नेटवर्कपासून तोडा, पण बंद करू नका आणि फॉरमॅट तर मुळीच नको. मेमरीतला पुरावा जातो. काही ब्लॉक करायचं ते कॉलवरच्या प्रमुखाने सांगितल्यावर. वीस जण बोलत असतात, प्रत्येकाची वेगळी सूचना असते.

९. अभ्यास

टीसीपी/आयपी आणि लिनक्स पक्कं हवं, पायथन कामापुरतं. सर्टिफिकेशन तुमच्या कंपनीत जी फायरवॉल आहे तिचं आधी करा. फी कंपनी परत देते का ते विचारा, आणि देत असेल तर बाँडची अट वाचा. घरी जुन्या लॅपटॉपला रॅम वाढवून व्हर्च्युअल मशीनवर पीएफसेन्स (फुकट मिळणारी फायरवॉल) आणि वाझू (तसंच सीम) उभं केलंत तर मुलाखतीत बोलायला भरपूर मिळतं.

१०. ऑन-कॉल: आधी ठरवून घ्या

महिन्यातून किती आठवडे ऑन-कॉल, त्याचा भत्ता किती, रात्रभर चेंज केल्यावर दुसऱ्या दिवशी सुट्टी की ‘बघू’, रात्रीची गाडी कुठून कुठपर्यंत. कंपनीची गाडी ठाण्यापर्यंत येते आणि तुम्ही राहता बदलापूरला, असं व्हायला नको. मुलींनी एक लक्षात ठेवा: महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम करायचं तर तुमची संमती लागते आणि संरक्षणाची जबाबदारी मालकावर असते. टीम ‘चोवीस तासवाली’ आहे म्हणून ती संमती गृहीत धरली जात नाही. हे सगळं एचआरकडून मेलवर घ्या, आणि ऑफर स्वीकारायच्या आधी घ्या.